पोच मिळेपर्यंत

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. यंत्र लावून समोरच्याच्या ओठांकडे पाहिले म्हणजे बोलणे बरेचसे कळते. सोलापुरातील एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाला असताना वर्गातील तीन मुले माझ्यासमोर येऊन आवाज न काढता नुसते ओठ हलवू लागली. यंत्र बंद पडले असे वाटून मी ते कानातून काढत असे, सदऱ्याच्या गुंडीएवढा सेल टाकून नवा बसवत असे, आणि तेवढ्यात मागचे बाक हसू लागत. नव्या सेलवरचा कागद एकदा सोलला की सेल उतरू लागतो. आई विड्या वळून जे मिळवते त्यातून आणलेले कितीतरी चांगले सेल मी अशा रीतीने वाया घालवले. ज्या ओठांच्या आधाराने मी शिकते, त्यांचाच मला धाक वाटू लागला.

वर्गशिक्षकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मुले मस्करी करतात, मनावर घेऊ नकोस.” हा शब्द मला फार लागला. पुढे महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंध कायदा वाचला, तेव्हा विद्यार्थ्याला लाज वाटेल असे वागणे, चिडवणे आणि अशी मस्करी हे सारे त्याच्या व्याख्येतच आहे, हे समजले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत महाविद्यालयाच्या प्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. प्रमुखाने हयगय केली तर त्या गुन्ह्याला त्याचीच चिथावणी मानली जाते. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 92 प्रमाणे चारचौघांत दिव्यांगाचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते.

तारखा, तास आणि पाहणाऱ्यांची नावे घालून मी अर्ज लिहिला. आवक खिडकीवरचे लिपिक “आधी साहेबांना भेट” म्हणत राहिले. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. सात दिवसांची मोजणी त्या तारखेपासूनच सुरू होते, म्हणून तोंडी तक्रारीवर कोणीही थांबू नये असे मला मनापासून वाटते.

चौकशी सहाव्या दिवशी झाली. समितीचे सदस्य खिडकीकडे पाठ करून बसले होते. उजेड त्यांच्या मागून येत असल्याने सर्वांचे चेहरे काळे दिसत होते आणि मला एकही प्रश्न कळेना. माझी खरी कसोटी तिथे होती. उत्तर चुकले असते तर माझे म्हणणेच खोटे ठरले असते. मी उभी राहून जागा बदलण्याची आणि प्रश्न लिहून देण्याची विनंती केली. एक मॅडम लगेच उठून माझ्या बाजूला आल्या आणि पुढचे सारे प्रश्न त्यांनी कागदावर लिहून दिले.

पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीने साक्ष दिली, त्यामुळे दोघे निलंबित झाले आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे गेली. तिसऱ्याविरुद्ध बोलायला कोणी पुढे आले नाही. तो अजून त्याच वर्गात बसतो. त्याच्याविषयीचा दुसरा अर्ज मी कालच दिला आणि त्याचीही पोच घेतली.