टोपणाचे आटे आणि आमची नियमावली

आमच्या छोट्याशा पेनस्पर्धेची नियमावली नव्याने लिहायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. खरं तर मीच ओढवून घेतलंय, कारण जुन्या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली. गंमत म्हणजे तो जुना नियमही मीच लिहिलेला. एका ओळीचा: ‘पेन पूर्णपणे हाताने बनवलेले असावे.’

पहिल्या वर्षी आम्ही जेमतेम नऊ जण. कुणाचा लेथ, म्हणजे रॉड फिरवून कापायचं यंत्र, बाल्कनीत, कुणाचा पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली. हाताने म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. भोसरीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला त्यात विचारण्यासारखं काय वाटणार? लेथच्या पकडीत, चकमध्ये, एबोनाइटचा, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराचा, रॉड धरायचा, टूल लावलं की गंधकाचा वास सुटतो, काळा किस लांबच लांब दोऱ्यासारखा निघतो. आत ड्रिल, बाहेर आटे, मग पाण्यातला पॉलिश पेपर बारीक बारीक होत दोन हजार नंबरपर्यंत. झालं पेन. मला एवढंच ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी पहिलं बक्षीस आम्ही एका लाकडी पेनाला दिलं. त्याच्या अंगावर मोरपीस होतं. रंगवलेलं नव्हे, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे बसवलेलं. सत्तरेक तुकडे असावेत, आणि नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. मी भिंग घेऊन बघितलं आणि दहापैकी दहा दिले. तिसऱ्या वर्षी टेबलावर दुसऱ्याच माणसाचं पेन आलं, अंगावर तेच मोरपीस. डोळ्याच्या उजवीकडचा तिरका तुकडासुद्धा तोच. विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, “किट आहे काका. लेसरने कापलेले तुकडे पाकिटात येतात. पितळी नळीवर चिकटवायचे आणि टोकांना लावलेल्या धातूच्या बुशच्या मापापर्यंत लेथवर उतरवायचं.”

त्याने काही लपवलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या विजेत्यानेही नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. आणि चिकटवणं, उतरवणं, वरचा चकाकता थर चढवणं, सगळं हातानेच केलेलं. माझ्या नियमात चोख बसत होतं. मी मात्र ज्याचे दहा गुण दिले, ते काम मुळात एका मशीनचं होतं.

त्याच तिसऱ्या वर्षी एका मुलीचं पेन आम्ही बाद केलं.

एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं, क्लिप नसलेलं साधं काळं पेन. टोपण फिरवलं तर दीड-पावणेदोन वेढ्यांत हातात. ज्यांनी आटे पाडलेत त्यांना यातली मेख कळेल. ०.८ मिमी पिचचा, म्हणजे एका वेढ्यात तेवढाच पुढे सरकणारा, साधा आटा असेल आणि टोपण चार मिलिमीटर आत बसत असेल, तर पाच वेढे फिरवत बसावं लागतं. माझ्या पेनांना अजूनही लागतात, आणि बायको दर वेळी म्हणते, “हे पेन आहे की लोणच्याची बरणी?” तीन तोंडांचा आटा, म्हणजे शेजारी शेजारी पाडलेले तीन आटे, असला की एका वेढ्यात टोपण २.४ मिमी पुढे सरकतं. पण तीनही आटे एकमेकांपासून बरोबर १२० अंशांवर सुरू व्हायला हवेत. किंचित फरक पडला तरी टोपण एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी ढिलं. आतले-बाहेरचे आटे पाडायच्या तीनतोंडी टॅप-डायचा जोड बनवून घ्यावा लागतो आणि तो खिशाला परवडत नाही. तिने ते आटे छोट्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, लेथवर पाडले होते, प्रोग्रॅम स्वतः लिहून.

सीएनसी हा शब्द निघाला आणि विषय संपला. चहा पिता पिता, तिथल्या तिथे, आम्ही तिघांनी ठरवलं की बटण दाबलं म्हणजे हाताचं काम नाही. त्या कागदावर सही माझीही आहे.

तिने वाद घातला नाही. पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि म्हणाली, “काका, हे नुसतं बघून तरी ठेवा.” आत चौदा टोपणं. रिजेक्शनचा डबा! एकाच्या आट्यांचे माथे चुरून गेलेले, कारण टूल बोथट होतं आणि एबोनाइट तापलं होतं. एकाची भिंत इतकी पातळ की उजेडात धरलं तर केसाएवढी चीर दिसत होती. एक दिसायला अगदी बरोबर, पण फिरवून बघितलं तर अर्ध्यात अडकत होतं. प्रत्येकावर पांढऱ्या पेन्सिलीने तारीख. आमच्या टूलरूममध्ये हा डबा बघून फोरमनने तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं. आम्ही तिला प्रमाणपत्रसुद्धा दिलं नाही.

एकच नियम. त्याने पाकिटातलं मोरपीस आत घेतलं आणि ही चौदा टोपणं बाहेर ठेवली.

हा घोळ नवा नाही म्हणा. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनची गोष्ट पेनवाल्यांना तोंडपाठ असते. त्यांच्या आधीच्या पेनांत काही भाग परदेशी होते, मग ते स्वदेशी कसलं, असा प्रश्न आला, असं सांगतात. पुढे ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांच्या हस्ते पेन वर्ध्याला गेलं आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून पसंती कळवली. म्हणजे किती भाग कुणी बनवला, हा हिशेब तेव्हाही होता. आज आमच्यातल्या बहुतेकांच्या पेनात निब जर्मन असते, योवोची नाहीतर बॉकची. सहा नंबरच्या योवोसाठी आम्ही सगळे मुकाट्याने ७.४ बाय ०.५ चा टॅप वापरतो. बक्षीस घेताना जर्मनीची आठवण कुणाला होत नाही.

म्हणून नव्या मसुद्यातून मी ‘हाताने’ हा शब्दच काढलाय. त्याऐवजी एक तक्ता. पेनाचा एकेक भाग घ्यायचा: टोपण, पोट, निबची बैठक, निब, तिला शाई पोचवणारी जीभ, क्लिप, वरची नक्षी. समोर तीनच रकाने: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करून घेतलं, विकत आणलं. कुठल्या मशीनवर केलं तेही लिहायचं, पण त्यावरून कुणाला बाद करायचं नाही. किटची पेनं वेगळ्या टेबलावर, तिथेही बक्षीस आहे, त्यात कमीपणा काही नाही. आणि पेनासोबत एक बिघडलेला जॉब, म्हणजे करताना वाया गेलेला भाग, आणायचा. हे मी त्या डब्यावरून उचललंय. काम कुणी केलंय ते बिघडलेल्या तुकड्यावर जितकं दिसतं तितकं चकचकीत पेनावर दिसत नाही.

एक मित्र म्हणाला, “मग उद्या कुणी रेझिनमध्ये प्रेशर पॉट लावून बुडबुडे घालवेल, कुणी थ्रीडी प्रिंट आणेल, तुझ्या तक्त्यात रकाने पुरणार का?” नाही पुरणार. म्हणून दर दोन वर्षांनी तक्ता उघडायचा आणि बदल स्पर्धेच्या सहा महिने आधी कळवायचा. अर्ज यायला लागले की एका अक्षरालाही हात लावायचा नाही. चहाच्या टेबलावर तर मुळीच नाही.

निम्मे गुण आता लिहिण्याला. आजवर आम्ही पेनं काचेखाली ठेवून बघितली, नवरीसारखी. आता शाई भरून, टोपण लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पहिल्याच रेघेला शाई यायला हवी. ड्रॉपरचं पेन असेल तर शाई पाव उरेपर्यंत लिहून बघायचं, कारण हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबवर टपकन थेंब येतो. भिंत जाड ठेवणाऱ्याला ते टाळता येतं. हे नजरेने कळत नाही, शर्टाच्या खिशाला कळतं.

मसुदा पाठवण्याआधी म्हटलं, आपलंच एक पेन घेऊन तक्ता भरून बघू. माझं सगळ्यात आवडतं घेतलं, जुन्या वाड्याच्या सागाच्या तुळईतून काढलेलं. साग तेलकट, गोंद धरत नाही, ॲसिटोनने पुसून पुसून बसवलेलं. सगळ्यांना मी हे ‘शंभर टक्के हाताचं’ म्हणून दाखवत आलोय. भरायला बसलो. निब विकत, जीभ विकत, निबची बैठक विकत, शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर विकत, क्लिप विकत, आतली पितळी नळी विकत. तुळई भंगारवाल्याकडून, म्हणजे तीही विकतच. ‘स्वतः केलं’च्या रकान्यात दोन ओळी भरल्या. आटे मात्र माझे आहेत. पाच वेढ्यांचे.