शिवराई ढिगाने, रुपया पारखून

नाणी जमवायला लागलं की वर्षभरात एक प्रश्न समोर येतोच: खूप नाणी घ्यावीत, की थोडी पण चांगली? विचारलं तर बहुतेक जण ‘थोडी पण चांगली’ असं सांगून मोकळे होतात. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. नाणं हातोड्याने पाडलंय की यंत्रावर, यावर उत्तर बदलतं. महाराष्ट्रात सहज मिळणारी दोन नाणी शेजारी ठेवली की ते ध्यानात येतं: तांब्याची शिवराई आणि पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया.

आधी शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा, अशी ती पाडली. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकतीही नीट गोल नाही. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा उतरला. एकावर ‘राजा’ ठसठशीत पण ‘श्री’ची वेलांटी कडेला कापलेली, दुसऱ्यावर ‘शिव’ पूर्ण आणि वरची ओळ चकतीबाहेर. सगळी अक्षरं आणि ठिपक्यांचं अख्खं वर्तुळ असलेली शिवराई दुर्मीळच. मूळ ठसा कसा होता हे पाहायचं तर एकाच जातीची पाच-सहा नाणी जवळजवळ मांडून तुकडे जुळवावे लागतात. म्हणजे इथे संख्या हाच अभ्यास आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण शिवराईला लागू पडत नाही.

दुसरं कारण काळाचं. शिवाजी महाराजांच्या नावाची ही नाणी त्यांच्यानंतरच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत आणि पुढे कंपनी सरकारच्या अमलातही पडत राहिली. मजकूर तोच, नाव तेच. म्हणून ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी लावून विकली जाणारी प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, आणि केवळ त्या चिठ्ठीसाठी जादा पैसे मोजू नयेत. फरक कळतो तो अक्षरांच्या वळणावरून, ‘शिव’ आहे की ‘सिव’ यावरून, ओळींमध्ये दोन रेघा असलेल्या उशिराच्या दुदांडीवरून, मध्येच दिसणाऱ्या एखाद्या चिन्हावरून, वजनावरून. हे एका सुंदर नाण्याकडे बघून शिकता येत नाही. चाळीस साधी नाणी हाताखालून गेली की येतं.

म्हणून सुरुवातीला तीस-चाळीस साध्या शिवराया घ्या, पण एकदम नको; चार-पाच ठिकाणांहून थोड्या थोड्या. एकाच पोत्यातून आलेली नाणी बऱ्याचदा एकाच भागातली असतात आणि नमुना एकांगी होतो. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येकीचं वजन करा. ८ ग्रॅमपासून १२ ग्रॅमच्या पुढेपर्यंत वजनं भेटतात. फोटो काढताना दिवा वरून नको, डावीकडून तिरपा ठेवा. सपाट वाटणारी वेलांटीसुद्धा सावलीने उठून दिसते. पुडीवर नुसतं ‘शिवराई’ लिहू नका. क्रमांक, वजन, दिसणारी अक्षरं, चिन्ह आणि कुठून घेतली हे लिहा. ‘कुठून घेतली’ हे एकदा विसरलं की परत कधीच सापडत नाही.

ढिगालाही मर्यादा हवी. ज्यावर एकही अक्षर वाचता येत नाही ते नाणं फुकट मिळालं तरी जागा अडवतं. चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासून गुलाबी केलेली शिवराई घेऊ नका. वरचा तपकिरी-काळा थर गेला की कोवळ्या रेषाही त्याच्याबरोबर जातात. फिकट हिरवी पूड सुटणारं नाणं तर घरातच आणू नका, आणि आलंच तर वेगळ्या डबीत ठेवा. तो नुसता मळ नसतो. क्षार आणि ओलावा मिळून तांबं आतून खात असतात, बाहेरून पुसून ते थांबत नाही.

चाळीस नाण्यांनंतर एखादी देखणी शिवराई जादा पैसे देऊन घ्यावी. तेव्हा आधी किती अक्षरं चकतीवर आली आहेत ते पाहा, मग पृष्ठभागावर खड्डे आहेत का, आणि झीज सगळ्यात शेवटी. हा क्रम महत्त्वाचा, कारण रुपयाचं गणित नेमकं उलटं आहे.

पंचम जॉर्जचा रुपया १९११ ते १९२२ या काळात मुंबई आणि कलकत्ता टाकसाळीत निघाला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. मागच्या बाजूला तळाशी कमळाखाली बारीक उठावदार ठिपका असेल तर मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. १९११ ते १९२० दोन्ही टाकसाळींचे, १९२१ आणि १९२२ फक्त मुंबईचे, असे २२ रुपये झाले की संच पूर्ण. यंत्रावरच्या नाण्यात प्रत्येकावर तोच ठसा अख्खा असतो. १९१८चा दुसरा झिजका रुपया घेतला तर संग्रहात फक्त एक तोळा चांदी वाढते, माहिती काहीच वाढत नाही.

१९११चा रुपया भिंगाखाली धरून बघा. राजाच्या पोशाखावर छातीपाशी एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड आखूड आणि पाय बुटके आल्याने तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२पासून हत्ती सुधारला. याच हत्तीसाठी लोक १९११चा रुपया शोधतात. आणि नेमका हा हत्ती उठावाचा भाग असल्याने लवकर झिजतो. झिजक्या १९११वर सन उरतो, हत्तीच्या जागी गुळगुळीत उंचवटा. ज्यासाठी नाणं घेतलं तेच त्यावर नाही! अशा वेळी १९११चे दोन्ही खण दोन वर्षं रिकामे राहिले तरी चालेल. बाकीचे २० भरत जा. हत्तीची सोंड, कानाची पाळ आणि मुकुटावरची रत्नं ही तीन ठिकाणं सुटी सुटी दिसतील असाच रुपया घ्या.

चकाकी पाहून फसू नका. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. टाकसाळीतून आल्यासारखा अस्सल पृष्ठभाग असेल तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा नाण्याबरोबर फिरतो. टूथपेस्टने किंवा रांगोळीने घासलेला रुपया सगळीकडे सारखाच चकाकतो, आणि भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. लक्ष्मीपूजनाच्या ताटातले रुपये दरवर्षी असेच उजळले जातात. त्यामागचा भाव मोलाचा आहे, म्हणून ते देव्हाऱ्यातच राहू द्यावेत. कडेवर १२ वाजताच्या जागी खाचा बुजलेल्या असतील तर तिथे दागिन्याची कडी डाखलेली होती. हा डाग कधीच जात नाही.

खोटा रुपया ओळखायला घरगुती उपाय आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. बारीक दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. फारशा न झिजलेल्या अस्सल रुपयाला काटा सुमारे १.१३ दाखवेल. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, उत्तर १०.३च्या आसपास आलं पाहिजे. ९च्या खाली आलं तर चांदी नाही. नाण्याला बुडबुडे चिकटले की उत्तर चुकतं, म्हणून आधी ओल्या बोटाने ओलं करून घ्या. मात्र चांदीतच ओतलेले खोटे रुपयेही असतात. ते इथे पास होतात. त्यांना पकडायला अक्षरांच्या कडा पाहा. ओतीव नाण्यात त्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर दिसतात.

साठवणीत दोघांचे शत्रू थोडे वेगळे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी काही वर्षांत हिरवट चिकट होतात. कडक पारदर्शक पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. रबरबँड चांदीजवळ नको, त्यातल्या गंधकाने काळे पट्टे उमटतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. तांबं आणि चांदी एका डब्यात असली तरी खण वेगळे ठेवा.

कायद्याचं एक. शेतात किंवा पाया खणताना नाण्यांचा ठेवा सापडला तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा ठेवा कोणी विकायला आणला तर घेऊ नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी परदेशात नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांनी सुट्टीत घेतलेल्या शिवराया इथेच घरच्यांकडे ठेवाव्यात.

खरेदीआधी डोळा तयार करायला नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय जरूर पाहा. चांगलं नाणं काचेआड डोळे भरून पाहिलेलं असलं की पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगातली उजवी शिवराई हात आपोआप उचलतो.