ई-ड्रम किट कुठलं घेऊ? आधी पायाचं बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ‘सर, फ्लॅटमध्ये प्रॅक्टिस करायचीय, जमलं तर थोडं रेकॉर्डिंगही, कुठलं इलेक्ट्रॉनिक किट घेऊ?’ हा प्रश्न सतत येतो. सोबत दोन-तीन किटचे फोटो असतात आणि खाली लिहिलेलं असतं की याच्यात आवाज जास्त आहेत, त्याच्यात कमी. आवाजांचा आकडा आधी खोडून टाका. रोज वाजवताना त्यातले पाच-सहाच वापरले जातात, आणि रेकॉर्डिंगला तर तेही लागत नाहीत. पैसे घालायचे ते पायाखालच्या दोन वस्तूंवर, किकचं (म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल आणि हाय-हॅटचं (एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीचं) पेडल.

किकची गोष्ट खालच्या मजल्यावर सुरू होते. जाळीच्या पॅडवर, म्हणजे मेशवर, स्टिक पडल्याचा आवाज पलीकडच्या खोलीत टीव्ही चालू असेल तर कळतही नाही. किकच्या पेडलचा हातोडा, म्हणजे बीटर, पॅडवर आदळतो तो धक्का मात्र स्टँडमधून लादीत आणि लादीतून स्लॅबमध्ये उतरतो. खालच्यांना वाटतं, वर कुणी मुसळाने कांडतंय. त्यावर उपाय म्हणून खाली रबरी मॅट टाकली, सतरंजी अंथरली, तरी फारसा फरक पडत नाही. मॅट वजनाने दबून बसते आणि ठोका आरपार जातो. कामाला येतो तो टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म. सुताराकडून १८ मिमी प्लायचे किटच्या मापाचे दोन तुकडे कापून घ्या. बॉलचा व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटर असतो, म्हणून दोन्ही तुकड्यांना समोरासमोर पाच सेंटिमीटरची भोकं पाडायची. बॉल त्यात थोडा आत बसतो, घरंगळत नाही, आणि दोन प्लायच्या मधे मोकळी हवा राहते. स्टूल आणि किक जिथे येणार तिथे बॉल जास्त घाला. प्लॅटफॉर्म भिंतीला टेकवू नका, नाहीतर तोच धक्का भिंतीने खाली जाईल. झालं की मित्राला वाजवायला बसवा आणि स्वतः खालच्या घरी जाऊन ऐका. चहाही मिळतो बहुधा.

काही पेडलांत समोर आदळणारा बीटरच नसतो. रोलँडचं केटी-१० त्यातलं. पायाला थोडं वेगळं लागतं, पण रात्री दहानंतर वाजवणाऱ्याला दुसरं काय हवं?

आता हाय-हॅट. स्वस्त किटमध्ये पॅड एका दांड्यावर बसवलेलं असतं आणि पेडल जमिनीवर सुटं. अशा पुष्कळ किटना उघडं आणि बंद एवढंच नीट कळतं. खऱ्या हाय-हॅटची सगळी गंमत अधल्यामधल्या जागेत आहे. पाय किंचित सैल केला की ‘टिक टिक’चं ‘च्श च्श’ होतं, आणि गाणं मुखड्यावर आलं की आपण नेमकं तेच करतो. किट हे पायाचं अंतर कॉम्प्युटरला मिडीतून (आवाजाऐवजी काय, कसं वाजवलं याची माहिती पाठवायची पद्धत) ० ते १२७ अशा आकड्यांत कळवतं. आकडे पायासोबत सावकाश सरकले तर रेकॉर्डिंग जिवंत वाटतं; धाडकन एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले तर कितीही महागडं सॉफ्टवेअर लावा, हाय-हॅट मशीनचाच वाटणार. खऱ्या स्टँडवर बसणारं हाय-हॅट पॅड, उदाहरणार्थ रोलँडच्या टीडी-१७केव्हीएक्ससोबत येतं तसं, परवडत असेल तर बाकीची काटकसर दुसरीकडे करा.

स्नेअर, म्हणजे समोरचा मुख्य ड्रम, मात्र मेशचीच घ्या. रोलँडने १९९७ साली टीडी-१० किटमध्ये मेश आणली, आता ती बऱ्याच स्वस्त किटमध्येही मिळते. रबरावर रोज तासभर वाजवलं तर मनगट कुरकुरतं.

रेकॉर्डिंगला मॉड्यूलचा (किटचे आवाज काढणाऱ्या डब्याचा) स्टीरिओ आवाज घेण्यापेक्षा यूएसबीने मिडी घ्या. स्टीरिओत किक आणि स्नेअर एकत्र शिजलेले असतात, नंतर वेगळे काढता येत नाहीत. मिडीत प्रत्येक ठोका सुटा राहतो; किक ३६ नंबरवर, स्नेअर ३८वर, बंद हाय-हॅट ४२वर. आवाज पुढच्या आठवड्यात बदलला तरी चालतो. वाजवताना मात्र हेडफोनमध्ये मॉड्यूलचाच आवाज ऐका. कॉम्प्युटरचा ऐकायचा तर सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) १२८वर आणा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला उशीर जेमतेम ३ मिलिसेकंद. ५१२वर तोच उशीर १२च्या घरात जातो, वर ऑडिओ इंटरफेसचा (कॉम्प्युटरला आवाज जोडणाऱ्या डबीचा) थोडा निराळाच, आणि हात नकळत लय मागे ओढायला लागतो. नंतर सगळे ठोके ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या अचूक मात्रांच्या रेघांवर, ताणून बसवण्याचा मोह होईल. तेवढंच करायचं होतं तर घाम कशाला गाळलात?

विचारणाऱ्यांत ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅडवालेही बरेच असतात, आणि त्यांना माझं उत्तर वेगळं आहे. तुमच्याकडे रोलँडचा एसपीडी-३० ऑक्टोपॅड असेल तर नवीन किट घ्यायची घाई नको. मागे बघा: किक, स्नेअर, हाय-हॅट आणि राइडसाठी (मोठ्या झांजेसाठी) जॅक आहेत, हाय-हॅट कंट्रोलचा वेगळा आहे, मिडीसाठी यूएसबीही आहे. हात चालवायला आठ पॅड आहेतच. एक किक ट्रिगर (पायाचा ठोका पकडणारं पॅड किंवा पेडल) आणि एक हाय-हॅट पेडल जोडलं की बसून सराव करण्याइतकं किट तयार, आणि शोच्या दिवशी तोच ऑक्टोपॅड उचलून न्यायचा.

जुनं घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी स्वतःचे हेडफोन घेऊन जा. हाय-हॅटवर उजवा हात सलग चालू ठेवा आणि डावा पाय दहा मोजत सावकाश उचला; आवाज पायासोबत हळूहळू उघडतो का ते ऐका. मग स्नेअर जोरात मारा आणि बाकीची पॅडं आपोआप वाजतात का ते ऐका. वाजली तर मॉड्यूलमध्ये क्रॉसटॉकची सेटिंग शोधा, बहुतेक वेळा तिथेच निभतं. मेश भोसकली असेल तर फक्त जाळी बदलून मिळते, त्यावरून भाव पाडा.