शेजारच्या मशीनची उसनी रॅम : नोंद ३

काल रात्री जमलं! माझं १६ जीबीचं मशीन शेजारच्या जुन्या वर्कस्टेशनची ४८ जीबी रॅम स्वॅप (आपली रॅम भरली की उरलेला डेटा ठेवायची जागा) म्हणून वापरतंय, तेही आरडीएमएवरून (एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेण्याची पद्धत).

जोडणी आधीच्या नोंदींतलीच : सेकंडहँड मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ एफडीआरची दोन इन्फिनीबँड (वेगवान नेटवर्कचा एक प्रकार) कार्डं, मध्ये एक मीटरची कॉपर केबल, स्विच नाही. केबल लागली, दिवा पेटला, तरी पोर्टची स्थिती दाखवणारं आयबीस्टॅट ‘इनिशियलायझिंग’वरच अडून होतं. इन्फिनीबँडमध्ये पत्ते वाटायला सबनेट मॅनेजर लागतो. एका मशीनवर ओपनएसएम नावाचा असा मॅनेजर सुरू केला आणि पोर्ट लगेच ‘ॲक्टिव्ह’.

खरं घोडं पेंड खात होतं ते वेगापाशी. सेकंदाला ३ जीबीच्या वर आकडा जाईना. केबल बदलली, फर्मवेअर बदललं, दोन रविवार गेले. शेवटी एलएसपीसीआयमध्ये (मशीनमधल्या कार्डांची माहिती देणारी आज्ञा) लिंकची रुंदी पाहिली : एक्स४, म्हणजे डेटाच्या चारच वाटा (लेन)! स्लॉट लांबीला एक्स१६चा, पण आत चारच लेन जोडलेल्या. ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या जागी हे बसवलं, तर थेट ६ जीबी. तुमचा आकडा अडला असेल तर आधी हेच बघा.

मात्र स्वॅपला बँडविड्थपेक्षा लेटन्सी (एका मागणीला उत्तर यायला लागणारा वेळ) महत्त्वाची. एक पान (स्वॅपमध्ये ये-जा करणारा मेमरीचा तुकडा) ४ केबीचं, आणि ते येईपर्यंत प्रोग्रॅम ताटकळतो. नुसत्या आरडीएमए रीडला २ मायक्रोसेकंद लागतात. पण मी वर्कस्टेशनवर रॅमडिस्क (रॅमचीच केलेली डिस्क) करून ती एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्सनं (दूरची डिस्क नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत) इकडे आणली आहे. ब्लॉक लेयरची (कर्नलमधला डिस्क हाताळणारा थर) वाट धरली की तेच १८ होतात. साध्या साटा एसएसडीपेक्षा तरीही कितीतरी बरं. पेज-क्लस्टर (स्वॅपमधून एका वेळी किती पानं आणायची ते ठरवणारी कर्नलची सेटिंग) ३ वरून ० वर आणल्यावर फरक हाताला जाणवला. ३ असताना कर्नल एका पानासाठी आठ पानं ओढतो. फिरत्या डिस्कला ते ठीक, इथे निव्वळ ओझं.

काळजी एकच. वर्कस्टेशन बंद पडलं तर तिकडे गेलेली पानं गेलीच. मिशिगन विद्यापीठाच्या इन्फिनीस्वॅपमध्ये (२०१७; अशीच दूरची रॅम स्वॅपला वापरणारी प्रणाली) प्रत्येक पान मागाहून स्थानिक डिस्कवरही लिहितात, ते मला फार पटलं. माझ्याकडे तशी सोय अजून नाही. शनिवारी स्वॅप भरलेला असताना मुद्दाम केबल उपसणार आहे. कर्नल लॉग जसाच्या तसा इथे टाकतो.