सुट्टी हॅवलॉकची, तयारी गोव्याच्या शर्यतीची

गोव्याची आयर्नमन ७०.३ नोव्हेंबरमध्ये, आणि घरच्यांनी अंदमानची तिकिटं काढली होती भाऊबीज आटोपल्यावरची. म्हणजे शर्यत पंधरवड्यावर आलेली असताना मी बेटावर. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावणं, यासाठी उन्हाळ्यापासून पुण्यात घाम गाळला होता. कोचला फोन केला तर तो अगदी थंड. म्हणाला, "ताई, किलोमीटर निम्मे झाले तरी चालतील, आता तसेही कमीच करायचेत. पण अधूनमधून धाप लागली पाहिजे. ती बंद पडली तर मला सांगा." त्या एका वाक्यावर मी बॅग भरली.

सायकल न्यायचा विचार मनात आला आणि गेला. विमान, मग फेरी, मग जीप, आणि प्रत्येक ठिकाणी त्या भल्यामोठ्या बॅगेवरून नवऱ्याचा चेहरा बघायचा. त्यापेक्षा हेल्मेट घेतलं, कारण बेटावर भाड्याने मिळतात ती स्कूटरची हेल्मेटं. सोबत ॲलन कीचा (सायकलचे स्क्रू फिरवायच्या षटकोनी किल्ल्यांचा) जुडगा, दोन गॉगल, पोहताना कमरेला बांधायचा नारिंगी फुगा, रबरी पट्टा, पेट्रोलियम जेलीची डबी आणि ओआरएसची पाकिटं. सासूबाईंनी त्यातच फराळाचा डबा कोंबला. पुढे बेसनाचे लाडू फार उपयोगी पडले. सायकलवर अर्धा लाडू तोंडात टाकला की काम होतं, शर्यतीत खातात ती पाकिटातली चिकट एनर्जी जेल हवी कशाला?

घरात एक तह झाला होता. धावणं आणि सायकल नाश्त्याच्या आत संपवायची, पोहणं मात्र सगळे किनाऱ्यावर असतील तेव्हाच. या तहाला अंदमानच्या सूर्याने मोठी मदत केली. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की ऑक्टोबरअखेरीस सव्वापाचच्या सुमारास सूर्य वर येतो, पुण्यापेक्षा चांगला सव्वा तास आधी. पावणेपाचला उठले तरी फार लवकर उठल्यासारखं वाटत नव्हतं. संध्याकाळी पाच वाजून गेले की अंधार, त्यामुळे "संध्याकाळी करू" हा पर्यायच बाद.

पहिलं धावणं पोर्ट ब्लेअरला झालं (नाव आता श्री विजयपुरम, बोलण्यात अजून पोर्ट ब्लेअरच). मरीना पार्कपासून समुद्राकडेने कॉर्बिन्स कोव्हच्या दिशेने रस्ता जातो. वारा, एका बाजूला पाणी, सगळं छान, फक्त नाडी छान नव्हती. पुण्यात ज्या वेगाला गप्पा मारत पळते, त्याच वेगाला इथे ठोके दहा-बारांनी वर. हवेत इतकी वाफ की घाम वाळतच नाही. तो वाळला नाही तर अंग थंड कसं व्हायचं? शेवटी घड्याळातला वेग बघणंच सोडलं. ठोके एका आकड्याच्या वर गेले की चालायचं, उतरले की पळायचं. गोव्यातही हवा अशीच दमट असणार, म्हणून हा त्रास मी तयारीच्या खात्यात टाकला. परतल्यावर नारळपाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, हे पुष्कळ जण विसरतात.

त्याच सकाळी सेल्युलर जेल बघायला गेलो. सात विंगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. सासूबाई त्या पायऱ्या न थांबता चढल्या आणि मी कठडा धरून. "एवढी पळतेस आणि जिने चढता येत नाहीत होय गं?" वर पोचल्यावर मात्र त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

हॅवलॉकला (कागदोपत्री स्वराज द्वीप) खरी कसरत सुरू झाली. आमचं हॉटेल पूर्व किनाऱ्यावर, विजयनगरला. पहिल्या पहाटे पोहायचे कपडे घालून खाली गेले, तर समुद्र होता कुठे? ओहोटीने पाणी पार लांब गेलेलं, आणि पायाशी खडक, मेलेलं प्रवाळ, डबकी, त्यात पहुडलेल्या काळ्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे समुद्रजीव. मुलं खेकड्यांमागे धावत सुटली, मी गॉगल कपाळावर ठेवून उभी. प्रवाळ पायाला कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. शिवाय जिवंत प्रवाळावर पाय देऊच नये. म्हणजे इथे पोहायचं तर भरतीलाच.

सासूबाई गुहागरच्या. त्यांनी बोटांवर हिशोब मांडला. "आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती." तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं पाठांतर. हॅवलॉकला ते जसंच्या तसं लागू पडलं नाही. डायव्हिंगवाल्यांच्या फळ्यावर लिहिलेली वेळ बरीच आधीची, भर दुपारची होती. सासूबाईंना ते पटलं नाही, "त्यांचा फळा चुकला असेल," म्हणाल्या. पण भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, हे दोन्हीकडे पक्कं. त्यावरून माझा तक्ता तयार झाला. सुरुवातीचे दिवस भरती टळटळीत उन्हात, म्हणून सकाळी राधानगर. शेवटाकडे भरती दुपारी उशिरा येणार, तेव्हा विजयनगर.

राधानगर पश्चिमेला. वाळूचा तळ, ओहोटीलाही खोल पाणी, आणि जीवरक्षक. तिथे मगरींच्या सूचनेची पाटी आहे आणि ती शोभेची नव्हे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि याच किनाऱ्याच्या एका टोकाला २०१० मध्ये एका परदेशी पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. त्या टोकाला, नील्स कोव्हच्या बाजूला, पोहायला मनाई आहे. म्हणून पहाटे अंधारात किंवा एकटीने पाण्यात शिरायचा मोह मी घरीच ठेवून आले होते. जीवरक्षकाला आधी जाऊन भेटले, फुगा दाखवला, कुठून कुठपर्यंत चालेल ते विचारलं. त्याने हाताने दोन खुणा दाखवल्या. "इसके बीच में जितना मर्जी, दीदी." मग त्या पट्ट्यात किनाऱ्याला समांतर, छातीएवढ्या पाण्याच्या थोडं पलीकडे, येरझाऱ्या.

खरी कमाई तिथेच झाली. तरणतलावात तळाला काळी रेघ असते, डोकं खाली घालून हात मारत राहायचं. इथे दर आठ हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून झाडांची एक खूण पकडायची आणि लगेच श्वासाला मान वळवायची. लाट उजवीकडून येत असेल तर डावीकडे श्वास. जाताना हे जमत होतं, येताना तोंडात खारं पाणी. मी अंतर मोजलं नाही. तीस हात जोरात, तीस सावकाश, असं बोटं सुरकुतेपर्यंत. मानेला कपडा घासून मिठाने आग होते, जेलीची डबी त्यासाठी. सनस्क्रीन प्रवाळाला मारक म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्टच वापरला.

आणि सायकल. गोविंदनगरच्या दुकानात मिळाली ती एका गिअरची, साखळी खाऱ्या हवेने तांबूस, सीट खाली बसलेली. दुकानदार बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून इथे वसवलेल्या कुटुंबांपैकी. मी ॲलन की काढून सीट वर करायला लागले तर त्याने आतून तेलाची कुपी आणून दिली आणि स्वतःच साखळीला लावत बसला. मागचा ब्रेक मात्र, त्याच्याच शब्दांत, "थोडा कम" होता. पुढचाही फार नव्हता.

त्या सायकलवर वेगाचं काही खरं नव्हतं. पण राधानगरच्या वाटेवर मध्ये जंगलातला चढ आहे, आणि एका गिअरवर तो चढायचा म्हणजे उभं राहून सगळं वजन पेडलवर टाकायचं. मांड्या पेटतात, कोचने सांगितलेली धाप लागते. उतरताना मात्र ब्रेकवर भरवसा नसल्याने सरळ पायी. चढ, पायी उतार, पुन्हा चढ. पर्यटकांच्या स्कूटर सुरू व्हायच्या आत हे आटोपायचं, मग सायकल उभी करून लगेच काळापत्थरच्या रस्त्याने पळायचं. सायकलला जोडून धावायचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, तो झाला. तो रस्ता सपाट, डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे नारळीपोफळी, आणि पाय लाकडाचे. दहा मिनिटांनी ते माणसाचे होतात, हे माहीत असल्यानेच पळता येतं.

नीलला (शहीद द्वीप) फारसं काही केलं नाही. बेट लहान आणि सपाट, भरतपूरहून सीतापूरच्या किनाऱ्यापर्यंत सूर्योदयाला पळत गेले, एवढंच. खोलीत पट्टा बांधून खांदे आणि पायरीवर पोटऱ्या. ज्या दिवशी बोटीत सगळ्यांची पोटं ढवळली, त्या दिवशी पूर्ण सुट्टी घेतली.

पुण्यात आल्यावर पहिल्याच सकाळी खडकवासल्याच्या पुढे सायकल काढली. तासभर पाय बावचळलेले होते, गिअर कुठला घ्यायचा तेच कळेना, मग गाडी रुळावर आली. दुसऱ्या दिवशी धावताना नेहमीच्या वेगाला ठोके आधीपेक्षा चक्क कमी. सायकलमध्ये थोडं गमावलं, धावण्यात राखलं, पोहण्यात मिळवलं, असा हिशोब कोचला पाठवला. त्याचा फक्त अंगठा आला.

सासूबाईंनी मात्र पंचांग काढून शर्यतीच्या दिवसाची तिथी बघितली. "पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी तू पाण्यात उतरशील तेव्हा पाणी उतरणीला. जाताना ढकलेल, येताना ओढेल. येतानासाठी दम राखून ठेव." शर्यतीचं पोहणं मिरामारच्या किनाऱ्यावर, आणि तो कोकणपट्टीवरच, तेव्हा या वेळी त्यांचं गणित चुकायचं काही कारण नव्हतं.