बाबा एक्मोवर होते तेव्हा

बाबांच्या बायपाससाठी देवगडहून मुंबईला गेलो तेव्हा एक्मो, म्हणजे हार्ट आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं मशीन, हे नाव घरात कुणी ऐकलं पण नव्हतं. ऑपरेशन झालं पण हार्ट ऑपरेशनवेळच्या हार्ट-लंग मशीनवरून सुटेचना, पंपिंगच येईना, मग थिएटरमध्येच एक्मो लावला. मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर काढतात, पंपाने ऑक्सिजनेटरमधून फिरवतात आणि मांडीच्याच धमनीतून परत आत सोडतात. सर्जन स्पष्ट बोलले, मशीन हार्टला बरं करत नाही, नुसता आराम देतं, तेवढ्यात हार्टने सावरायला हवं.

खरी कसरत पुढे होती. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध चालू ठेवायचं आणि त्याच हेपॅरिनमुळे छातीच्या ड्रेनमधून रक्त थांबेना! कमी केलं की गुठळ्यांची भीती, वाढवलं की रक्तस्राव, म्हणून सारखी एसीटी टेस्ट, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. प्लेटलेट पण उतरत चाललेल्या. डोनर आणा म्हणाले, मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि भांडुप, लालबाग, नालासोपारा, कुठून कुठून चाकरमानी आले, काही जण तर नाईट करून थेट ब्लड बँकेत. थँक्यू म्हटलं तर एकजण म्हणतो, 'तुझो बापूस तो आमचो काकाच मा!'

मग पाय. नळी ज्या पायात तो गार पडायला लागला, कारण खाली रक्तच कमी जात होतं, म्हणून पायाच्या खालच्या बाजूला रक्त जायला अजून एक बारीक नळी टाकली. सिस्टर डॉपलर लावून पायात रक्त वाहतंय का ते बघायच्या, आई भेटायला गेली की आधी पायालाच हात लावायची. लघवी कमी झाली तर डायलिसिस पण लागलं. मी डॉक्टरांना रोज एकच विचारायचो, हार्ट नाही सावरलं तर पुढे काय? उत्तर ऐकवायचं नाही, पण विचारलंच पाहिजे, बिलाचा मीटर पण चालूच असतो ना.

मशीन काढायच्या आधी त्याचा फ्लो हळूहळू कमी करून एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी करतात. पहिल्यांदा प्रेशर पडलं, परत वाढवावा लागला. नंतरच्या वेळी हार्टने धरलं आणि नळ्या निघाल्या.

शुद्धीवर आल्यावर बाबा भलतंच बोलायचे, आयसीयूतल्या पेशंटला असा भ्रम होतो म्हणे. त्यांना वाटायचं आपण ट्रॉलरवर आहोत, सिस्टरवर ओरडायचे 'रे, इंजान बंद कर!' हातात चमचा धरायची पण ताकद नव्हती. आता जेटीपर्यंत चालत जातात, त्या पायाची बोटं मात्र अजून बधिर आहेत, फिजिओ चालू आहे.