तुम्ही विचारलेत म्हणून: सायकलला कोयता कशाला?

"सायकल चालवायला जाता की झुडपे तोडायला?" हा प्रश्न मला जळगावात लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, चोपड्यात चहाच्या टपरीवर विचारला जातो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भेटणारे गुराखी तर सरळ अहिराणीत विचारतात, "भाऊ, तू सायकल चालाडस का काट्या तोडस?" डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवताना मी कोयता बरोबर नेतो आणि वाटेवरची झुडपे काढतो, म्हणून हा प्रश्न. इतके दिवस मी हसून वेळ मारून नेली. त्यामुळे दोन्ही बाजूंचे गैरसमज वाढले: काहींना मी समाजसेवक वाटू लागलो, तर माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्यांच्या मते मी चांगल्या वाटांची वाट लावणारा माणूस ठरलो. मी यांपैकी कोणीच नाही, निदान पूर्णपणे तरी नाही.

आधी कायद्याचे सांगतो, कारण तो आक्षेप सगळ्यांत आधी येतो. राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणे किंवा छाटणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून वनरक्षकाला सांगितल्याशिवाय आणि परवानगीशिवाय मी कोयत्याला हात लावत नाही, आणि यावल अभयारण्याच्या हद्दीत तर कोयता नेतच नाही. मी काढतो ती मुख्यतः घाणेरी, आणि वाटेवर आडवी पडलेली वाळकी लाकडे. सागाची किंवा अंजनाची उभी फांदी मी कधीही तोडलेली नाही. घाणेरी इथली नव्हेच, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्यात आणली गेली आणि बुलबुलांसारख्या फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी तिचे बी रानोमाळ नेले. वरून छाटली की ती दुप्पट जोमाने फुटते. म्हणून माती उकरून, मूळ जमिनीखाली चार बोटांवर तोडून, झुडूप उलटे करून ठेवावे लागते. यात वेळ जातो, आणि मी वाटेत बसून खुरपणी करत असल्यासारखा दिसतो, हे मान्य आहे.

आता मूळ प्रश्न. सुरुवातीला मीही कोयता नेत नसे, आणि नेणाऱ्यांवर टीका करत असे. वाट जशी आहे तशी चालवावी, अडथळा ओलांडता आला नाही तर सायकल खांद्यावर घ्यावी, पण वाटेला आपल्या सोयीचे करू नये, असे माझे ठाम मत होते. हँडलबार ७६ सेंटिमीटर रुंद असतो आणि तेवढी जागा गुरांच्या पायवाटेत सहसा मिळतेच. काट्यांचे म्हणाल, तर हिवर आणि बाभळीच्या या मुलखात ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरावे आणि उन्हाळ्यात ते लवकर सुकते हे लक्षात ठेवून पुन्हा भरावे. एवढी तयारी असली की झाले, असे मी नव्यांना सांगत असे.

मग ती ऑक्टोबरमधली फेरी झाली. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या एका सोंडेवरून खाली उतरणाऱ्या पायवाटेवर आम्ही तिघे होतो. पावसाळ्यात पाणी वाटेतूनच धावले होते आणि मधोमध घळ पडली होती. गवताने झाकलेल्या त्या घळीत पुढे असलेल्या मित्राचे चाक गेले आणि तो हँडलबारवरून खालच्या दगडांवर आदळला. मांडीचे हाड मोडल्याचे पायाच्या आकारावरूनच कळत होते. मोबाइलला रेंज नव्हती. एकजण त्याच्याजवळ थांबला, आणि मी वरच्या पाड्याकडे सायकल ढकलत गेलो.

पाड्यावरून चौघे पावरा आदिवासी गडी लगेच निघाले. त्यांनी घोंगडी आणि एक लांब बांबू घेतला आणि येताना कोणी फारसे बोलले नाही. आम्ही मित्राचा मोडका पाय सुट्या ट्यूबांनी धडक्या पायाला बांधला, घोंगडीची झोळी केली आणि दोघांनी बांबू खांद्यावर घेतला. सरळ वाटेवर ते इतक्या सफाईने चालत होते की मला मागे राहू नये म्हणून पळावे लागत होते. पण डोंगरउतारावरची वाट नागमोडी असते, आणि दहा फुटी बांबू त्या वळणांवर वळत नाही. आतल्या बाजूला डोक्यापर्यंत घाणेरी माजलेली होती. पुढच्याने वळण घेतले की बांबूचा मधला भाग झुडपात अडके, झोळी हेलकावे खाई, आणि मित्र ओरडे. म्हणून प्रत्येक वळणावर त्याला खाली ठेवायचे, बांबू तिरपा करून काढायचा आणि पुन्हा उचलायचे. उचलताना जो आवाज त्याच्या तोंडून निघे तो मी इथे वर्णन करणार नाही. माझ्याजवळ वीतभराची घडीची करवत होती. मी पुढे धावत जाऊन वळणाची आतली बाजू मोकळी करण्याचा प्रयत्न करत होतो आणि झोळी माझ्याआधी तिथे पोहोचत होती.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ते चौघे वळण येण्याआधीच थांबत होते. बांबू कुठे अडकणार हे त्यांना अडकण्याआधी ठाऊक होते. मी विचारले तेव्हा पुढचा म्हातारा गडी एवढेच म्हणाला, "बाळंतीण नेतो तेव्हा पण इथेच अडते." डांबरी रस्त्यावर पोहोचेपर्यंत अंधार झाला होता. तिथून जीपने चोपडा, आणि मग जळगाव. मित्राच्या मांडीत सळई बसवली गेली. तो आज चालतो, सपाट रस्त्यावर सायकलही चालवतो, पण उतारावर येत नाही.

तेव्हापासून मी वळणे मोकळी करतो. हँडलबारच्या मापाने नव्हे, बांबूच्या मापाने. जिथे पाणी वाटेत शिरते तिथे तिरका चर काढतो आणि खालच्या कडेला दगड लावतो. ही पद्धत मला पाड्यावरच्यांनीच दाखवली, कारण त्यांच्या शेताच्या बांधांवर ती फार पूर्वीपासून आहे. मग ते लोक स्वतःच वाट साफ का करत नाहीत, असे विचारणाऱ्यांना मी सांगतो की ते करतात. फक्त घाणेरी ज्या महिन्यांत वाटेवर झुकलेली असते, त्याच महिन्यांत कापूस वेचणीला येतो, आणि दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी माणसे ऊसतोडीला निघून जातात.

तरीही मला समाजसेवक म्हणू नका. मूळ तोडून घाणेरी उपटून निघते तेव्हा मला विलक्षण समाधान मिळते, आणि स्वतः मोकळ्या केलेल्या वाटेवरून सायकल सोडली की ते आणखी वाढते. पाड्यावर कोणीही आजारी पडणार नाही अशी हमी उद्या मिळाली, तरी मी कोयता घरी ठेवीन असे मला वाटत नाही.

आणि माझ्या जुन्या मताचे काय? ते मी खोडून काढू शकलेलो नाही. वाट अरुंद होती तोवर तिच्यावर मोटारसायकल येऊ शकत नव्हती, आता ती तेवढी रुंद झाली आहे. माझ्या सोबत्यांची तक्रार मजा गेल्याची आहे, तिची मला पर्वा नाही. वनरक्षकाची तक्रार वेगळी आहे: मोटारसायकल येऊ लागली की रात्री सागाचे ओंडकेही त्याच वाटेने उतरू शकतात. म्हणून वाटेच्या तोंडाशी पडलेले सलईचे एक जाड खोड मी मुद्दाम कापलेले नाही. सायकल त्यावरून उचलून नेता येते, झोळीही नेता येते, मोटारसायकल नेता येत नाही. मला हा तोडगा चांगला वाटला होता. पण पाड्यावरच्या एका तरुणाने विचारले की साप चावलेल्या पोराला रुग्णवाहिकेपर्यंत झोळीतून न्यायचे की मोटारसायकलवरून, आणि हे ठरवणारा मी कोण.

गंमत म्हणजे ज्याला झोळीतून आणले तो मित्रही त्या तरुणाच्याच बाजूचा आहे. मी त्याला म्हणतो की मोडलेली मांडी घेऊन तू मोटारसायकलवर बसू शकला नसतास. तो म्हणतो की प्रत्येकाची मांडीच मोडते असे नाही. मग मी सागाचे सांगतो, तो म्हणतो की साग राखणे हे तुझे काम नव्हे, आणि मी म्हणतो की वाट राखणेही माझे काम नव्हते. पावसाळा संपला की वनरक्षक, पाड्यावरची मंडळी आणि आम्ही दोघे त्या खोडापाशी बसून बोलणार आहोत. मी ते राहू द्या असेच म्हणणार आहे, आणि मोठी करवतही बरोबर नेणार आहे.